तांबोरा, १८१५ : एका पर्वताचा स्फोट आणि कार्यकारणाची साखळी (थ्रेड)

१/
जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि पुणे दरबार व इंग्रज यांच्या संबंधांना मोठा तडा गेला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्याआधी तीनच महिने, पुण्यापासून साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, एक पर्वत फुटला. नोंदलेल्या इतिहासातील हा सर्वांत मोठा ज्वालामुखी उद्रेक होय. पुण्यात त्याची वार्ताही नव्हती. या उद्रेकाचा आणि आपल्या इतिहासाचा काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो किती ठामपणे सांगता येतो, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२/
प्रथम भूगोल. आजच्या इंडोनेशियात बाली आणि लोंबोक यांच्या पूर्वेस सुंबावा नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील द्वीपकल्पात तांबोरा पर्वत उभा आहे. उद्रेकापूर्वी त्याची उंची सुमारे ४,३०० मीटर असावी, असा अंदाज आहे. आज ती सुमारे २,८५० मीटर आहे. म्हणजे कळसूबाईएवढा पर्वत जवळजवळ शिखरापासून उडून गेला. जिथे माथा होता तिथे आज सुमारे सहा किलोमीटर रुंदीची अवाढव्य कढई आहे.

३/
या पर्वताच्या पायथ्याशी तांबोरा, पेकात आणि संगार अशी छोटी राज्ये होती. भातशेती, घोडे, मध आणि रंगासाठी वापरले जाणारे पतंगाचे लाकूड यांचा व्यापार तेथून चाले. पर्वत जागा होतो आहे, याची चिन्हे काही वर्षांपासून दिसत होती. माथ्यावर ढग जमत, गुरगुर ऐकू येई. परंतु कित्येक पिढ्यांत जो पर्वत फुटला नाही, त्याला भिऊन पिकते शेत सोडून कोण जाणार? ज्वालामुखींच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. सुपीक जमीन आणि मृत्यू यांचे उगमस्थान एकच असते.

४/
५ एप्रिल १८१५ रोजी पहिला मोठा स्फोट झाला. त्या काळी जावा बेट तात्पुरते इंग्रजांच्या ताब्यात होते आणि स्टॅम्फर्ड रॅफल्स तेथील लेफ्टनंट गव्हर्नर होता. आवाज जावाभर ऐकू गेला, आणि तो सर्वांना तोफांचा वाटला. शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला असावा, या समजुतीने योग्यकार्ता येथून सैन्याची तुकडी रवाना झाली. संकटात सापडलेले जहाज शोधण्यासाठी किनाऱ्याने होड्या पाठविण्यात आल्या. मकासार येथे कंपनीचे एक लढाऊ जहाज होते, तेही चाच्यांच्या शोधात निघाले. त्या जहाजाचे नाव होते ‘बनारस’.

५/
या तपशिलाकडे क्षणभर थांबून पाहावेसे वाटते. आवाज ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने आपल्या ओळखीचे कारण शोधले. सैनिकाला शत्रू दिसला, नाविकाला चाचे दिसले. दुसऱ्या दिवशी राख पडू लागली तेव्हा पर्वताची शंका आली. पण तो एखादा जवळचा, परिचित पर्वत असावा, असेच लोकांना वाटले. शेकडो किलोमीटर दूरचा तांबोरा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. परिणाम समोर आहे, कारण मात्र दृष्टीआड आहे. ही अवस्था पुढे शंभर वर्षे टिकणार होती.

६/
१० एप्रिलच्या संध्याकाळी खरा प्रलय झाला. त्याचे जवळून पाहिलेले वर्णन आपल्याला लाभते ते संगारच्या राजामुळे. मदतीचा तांदूळ घेऊन गेलेल्या लेफ्टनंट ओवेन फिलिप्सला त्याने जे सांगितले, त्यानुसार सातच्या सुमारास पर्वतातून आगीचे तीन स्तंभ उठले आणि वर जाऊन एकमेकांत मिसळले. थोड्याच वेळात सारा पर्वत वाहत्या अग्नीसारखा दिसू लागला. मग दगडांचा वर्षाव झाला. त्यामागून भयंकर वावटळ आली. तिने घरे, झाडे, माणसे आणि गुरे उचलून नेली. समुद्र कित्येक हात चढला आणि किनाऱ्यावरची भातखाचरे वाहून गेली.

७/
राजाने ज्याला वावटळ म्हटले, तिचा अर्थ आजचे शास्त्र उलगडून सांगते. ज्वालामुखीच्या तोंडावर उभा राहिलेला राख-वायूंचा स्तंभ स्वतःच्या भाराने कोसळतो आणि शेकडो अंश सेल्सिअस तापलेली राख, दगड व वायू यांचे लोट उतारावरून प्रचंड वेगाने धावत सुटतात. यांना पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणतात. लाव्हारसापासून माणूस बहुधा पळू शकतो, या लोटांपासून नाही. तांबोरा आणि पेकात ही राज्ये त्यांच्याखाली गाडली गेली. २००४ मध्ये हाराल्दुर सिगुर्डसन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात सुमारे तीन मीटर जाडीच्या थराखाली एक घर सापडले. त्यात कोळसा झालेले मानवी सांगाडे होते, आणि सोबत मातीची व काशाची भांडी.

८/
राज्यांबरोबर एक भाषाही गेली. रॅफल्सच्या काळात कुणीतरी तांबोरा भाषेतील पन्नासाच्या आत शब्द टिपून ठेवले होते; ते त्याच्या १८१७ च्या जावाविषयक ग्रंथात तुलनात्मक शब्दसूचीत छापले गेले. त्यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञांचे मत असे, की ही भाषा आसपासच्या बेटांवरील भाषांच्या कुळातली नव्हती. एका मानवसमूहाची सारी वाङ्मयीन मालमत्ता म्हणजे ही एवढी यादी. तिच्यात एकही पूर्ण वाक्य नाही.

९/
पण बहुसंख्य माणसे त्या रात्री मेली नाहीत. ती नंतर मेली. राखेने खाचरे बुजली, विहिरी नासल्या, जनावरे दगावली. फिलिप्सने वाटेत बेवारस प्रेते आणि ओस पडलेली गावे पाहिली. खुद्द संगारच्या राजाची एक मुलगी उपासमारीने गेली होती. लोक मूठभर तांदळासाठी स्वतःला आणि मुलाबाळांना विकू लागले. लोंबोक आणि बालीतही राखेखाली पिके गेली आणि तोच दुष्काळ तेथे पोहोचला.

१०/
१८४७ मध्ये तेथे गेलेला स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश झोलिंगर याने काढलेल्या अंदाजानुसार, सुंबावावर प्रत्यक्ष उद्रेकात सुमारे १०,००० माणसे मेली. भूक आणि रोगाने मेलेली सुमारे ३८,००० होती, आणि जवळपास तितकीच बेट सोडून गेली. लोंबोक धरून एकूण मृत्यूंचे अंदाज ७०,००० पासून ९०,००० च्या पुढे जातात. जनगणना नसलेल्या प्रदेशाचे हे आकडे आहेत, तेव्हा ते काटेकोर मानू नयेत. प्रमाण मात्र लक्षात ठेवावे : आगीत मेलेल्या एकामागे भुकेने मेलेले तीन-चार.

११/
आता आकाशाकडे वळू. उद्रेकाचा स्तंभ सुमारे ४० किलोमीटर उंचीपर्यंत चढला. त्याने वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, अंदाजे सहा कोटी टन सल्फर डायऑक्साइड सोडला. हवामान बिघडते ते मुख्यतः या वायूमुळे, राखेमुळे नव्हे. राख काही दिवसांत वा आठवड्यांत खाली बसते. सल्फर डायऑक्साइडचे मात्र बाष्पाशी संयोग होऊन गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात. स्थितांबरात पाऊस पडत नाही, त्यामुळे हे थेंब धुतले जात नाहीत. वर्ष-दोन वर्षे ते तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशाचा काही अंश परत अवकाशात पाठवतात.

१२/
तांबोरा विषुववृत्ताच्या जवळ, सुमारे आठ अंश दक्षिणेस आहे. त्यामुळे हा पडदा दोन्ही गोलार्धांवर पसरला. जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. अर्धा अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो; परंतु सरासरी हा फसवा शब्द आहे. काही प्रदेशांत तो उन्हाळाच खाऊन टाकतो. शिवाय काळ आधीच थंड होता. १८०९ च्या सुमारास आणखी एक मोठा उद्रेक झाल्याचे ध्रुवीय बर्फातील गंधकाच्या थरांवरून दिसते. तो कोठे झाला हे अद्याप निश्चित नाही. सूर्यावरील डागांचे प्रमाणही त्या दशकांत कमी होते. तांबोराने आधीच गारठलेल्या जगाला धक्का दिला.

१३/
१८१६ हे वर्ष युरोप-अमेरिकेच्या इतिहासात ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून ओळखले जाते. अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ पडले. पश्चिम युरोपात पाऊस थांबेना आणि पीक शेतातच कुजले. इंग्लंडच्या पूर्व भागात भाकरीसाठी दंगे झाले, आयर्लंडमध्ये टायफस पसरला, स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीत १८१७ चे वर्ष उघड दुष्काळाचे गेले. चीनच्या युनान प्रांतात थंडीने भात भरेना आणि सलग काही वर्षे दुष्काळ पडला.

१४/
याच पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी घरात अडकून पडलेल्या मंडळींनी भयकथा रचण्याची पैज लावली, आणि त्यातून मेरी शेलीची ‘फ्रँकन्स्टाइन’ कादंबरी जन्मली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. ती प्रसिद्ध झाली १ जानेवारी १८१८ रोजी. म्हणजे कोरेगावची लढाई झाली त्याच दिवशी. हा निव्वळ योगायोग आहे. तो मुद्दाम सांगितला, कारण पुढे आपल्याला योगायोग आणि कारण यांतला भेद करावयाचा आहे.

१५/
मग हिंदुस्थानात काय झाले? मोसमी पावसाचे मूळ जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकात आहे. सूर्यप्रकाश घटला की जमीन समुद्रापेक्षा लवकर थंडावते, हा फरक कमी होतो आणि पाऊस दुर्बळ होतो. मोठ्या उद्रेकांनंतर असे घडते, हे इतर उदाहरणांवरूनही दिसते. बंगालच्या वैद्यक मंडळाचा सचिव जेम्स जेम्सन याने १८२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लागोपाठच्या वर्षांतील ऋतूंच्या विपरीत वागण्याची नोंद आहे : पाऊस वेळेवर आला नाही आणि आला तो अवेळी, अतोनात.

१६/
जेम्सनचा तो अहवाल पावसाविषयी नव्हता, पटकीविषयी होता. ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालातील जेसोर येथे पटकीची भयानक साथ उसळली. नोव्हेंबरमध्ये ती बुंदेलखंडात तळ देऊन बसलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत शिरली आणि काही दिवसांत हजारो सैनिक व बाजारबुणगे मेले. छावणी हलवून बेतवा नदीच्या काठी नेल्यावर जोर ओसरला. ऑगस्ट १८१८ मध्ये साथ मुंबईत होती. १८२१ मध्ये ती मस्कतला पोहोचली, आणि त्याच वर्षी जावातही. राखेतून वाचलेल्या बेटांच्या शेजारीच आता दुसरा मृत्यू उतरला होता.

१७/
येथे मोठा मोह होतो. तांबोरा फुटला, मोसमी पाऊस बिघडला, पटकी उसळली, ती १८१७-१८ च्या युद्धातल्या छावणीत शिरली. म्हणजे सुंबावाच्या पर्वताने मराठेशाहीच्या अखेरीत हात घातला! साखळी सुबक आहे आणि एका ओळीत मावते. परंतु साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. म्हणून एकेक कडी ओढून पाहू.

१८/
पहिली कडी, उद्रेक आणि पाऊस. ही बऱ्यापैकी पक्की आहे. यंत्रणा ज्ञात आहे आणि समकालीन नोंदी तिला पूरक आहेत. दुसरी कडी, पाऊस आणि पटकी. पटकीचा जीवाणू किनारी, मचूळ पाण्यात राहतो. पाण्याचे प्रमाण, उष्णता आणि क्षार बदलले की त्याची वाढ बदलते. दुष्काळाने खंगलेली माणसे आणि दूषित पाणी यांची भर पडली की साथीस अनुकूल भूमी तयार होते. काही अभ्यासकांनी हा संबंध जोरकसपणे मांडला आहे. तो संभाव्य आहे, सिद्ध नाही. साथ पसरली ती फौजा, व्यापारी, यात्रेकरू आणि जहाजे यांच्या वाटांनी. आणि त्या वाटांची गर्दी तांबोराने निर्माण केलेली नव्हती.

१९/
शिवाय आपल्याच भाषेत एक साक्षीदार उभा आहे. वांती आणि जुलाबांनी माणूस काही तासांत खलास करणाऱ्या दुखण्याला मराठी-कोंकणीत ‘मोडशी’ म्हणत. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे आणि त्याचे स्थानिक नावही आहे. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले आणि फ्रेंचांनी त्याचाच अपभ्रंश करून ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा शब्द घडविला. म्हणजे तांबोराच्या अडीचशे वर्षे आधी हा रोग, किंवा त्याच्याशी अत्यंत मिळताजुळता रोग, आपल्या किनाऱ्यावर होता. १८१७ मध्ये जे नवे होते, ते त्याचे विश्वव्यापी होणे.

२०/
तिसरी कडी, पटकी आणि युद्ध. ही तर ओढताच तुटते. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह केला तोही त्याच दिवशी. हेस्टिंग्जच्या छावणीत साथीने थैमान घातले ते त्यानंतरच्या दिवसांत. आणि मुख्य म्हणजे ती इंग्रजांची छावणी होती! साथीने युद्धाचा तोल फिरवला असता, तर तो उलट दिशेला फिरला असता. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, त्याची कारणे दरबारातील फूट, तैनाती फौजेचा करार, रिकामा खजिना आणि शत्रूची शिस्त यांतच शोधली पाहिजेत. पर्वताला दोष देऊन माणसांची सुटका करता येत नाही.

२१/
यावर कुणी विचारील, मग त्या काळच्या लोकांना काय वाटत होते? त्यांना कारण माहीतच नव्हते. युरोपात काहींनी सूर्यावरच्या डागांकडे बोट दाखवले, कुणी जगबुडीची तारीख सांगितली. बेंजामिन फ्रँकलिनने आइसलंडच्या १७८३ च्या उद्रेकानंतर ज्वालामुखी आणि थंडी यांचा संबंध सुचवला होता. परंतु तांबोराचा आणि १८१६ च्या थंडीचा धागा विल्यम हम्फ्रीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने जुळवला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. पुढे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या वर्षांचा गंधकाचा थर सापडला आणि पुरावा हाती आला.

२२/
कारण कळले म्हणजे माणूस वाचतोच, असेही नाही. कोलंबियातील नेवादो देल रुइस हा ज्वालामुखी १३ नोव्हेंबर १९८५ रोजी फुटला. उद्रेक तुलनेने लहान होता. मात्र माथ्यावरचे बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आर्मेरो शहरावर आला आणि एकूण सुमारे २३,००० माणसे मेली. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता. शहर वेळेत रिकामे झाले नाही. याउलट फिलिपिन्समधील पिनातुबो १५ जून १९९१ रोजी फुटला तो विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. तेथे शास्त्रज्ञांचे इशारे ऐकले गेले, हजारो लोक आधीच हलवले गेले आणि असंख्य प्राण वाचले. दोन्हीकडे शास्त्र होते. फरक पडला तो इशारा वेळेत पोहोचण्यात आणि मानला जाण्यात.

२३/
म्हणून तांबोराचा इतिहास सांगताना दोन गोष्टी जपाव्यात असे मला वाटते. एक, त्याला जगातल्या प्रत्येक घटनेचा सूत्रधार करू नये. असे केल्याने इतिहास रंजक होतो, खरा राहत नाही. दुसरी, जिनिव्हाच्या सरोवराकाठची कथा सांगताना सुंबावाची भूक विसरू नये. ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ हे नाव ज्यांनी दिले, त्यांचा एक उन्हाळा गेला होता. संगारच्या राजाची मुलगी गेली होती. तिचे नाव कुठेही नोंदलेले नाही, आणि ज्या तांदळाने ती वाचली असती तो घेऊन येणाऱ्याच्या लेखणीतूनच ती आपल्यापर्यंत आली आहे.

२४/
१८१५ ते १८१८ या वर्षांतील पाऊस, पीक किंवा ‘महामारी’ यांचे उल्लेख असलेली मोडी पत्रे, देवस्थानांचे हिशोब वा गावच्या नोंदी कुणाच्या पाहण्यात असतील, तर जरूर कळवा. बंगालच्या पावसाबद्दल इंग्रजांनी लिहून ठेवले. दख्खनचा पाऊस आपल्याच दप्तरांतून वाचावा लागेल. दुरुस्त्या आणि प्रश्नांचे स्वागत आहे. (समाप्त)